कारण लिहून घेऊ का, साहेब?

ताई, स.न.वि.वि.

मी ठाण्यात राहतो, ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. वय छत्तीस. टीम तेरा जणांची. दीड वर्षापूर्वी नांदेडकडचा एक मुलगा आमच्याकडे लागला. घरातला पहिलाच इंजिनिअर. कामाला एक नंबर, पण बिचारा अबोल. त्याची तिकडची बोली सगळ्यांना आवडते, "करायलोय", "जायलोय" अशी प्रेमाने नक्कलही करतात. पहिल्याच आठवड्यात टपरीवर कुणीतरी त्याला आडनाव विचारलं, मग गाव, मग इंजिनिअरिंगला कुठल्या कॅटेगरीतून लागलास ते. त्याने सरळ सांगितलं.

फेब्रुवारीत सॉफ्टवेअरच्या रात्रीच्या रिलीजला मोठा घोळ झाला. चूक त्याची नव्हती, उलट पहाटेपर्यंत बसून बिचाऱ्यानेच ती शोधून काढली. दुसऱ्या दिवशी टपरीवर आमचा एक सीनियर सॉफ्टवेअर आर्किटेक्ट हसत म्हणाला, "कोट्यातला माल आहे, वॉरंटी नसते." सगळे हसले. तोही कसनुसा हसला. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. रात्री त्याला व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज लिहून माफी मागितली, "मी कायम तुझ्या पाठीशी आहे" असंही लिहिलं. त्याने नुसता अंगठा पाठवला.

मग वाटलं, काहीतरी भरीव करावं. आमच्याकडे 'अलायशिप'चं, म्हणजे भेदभाव सोसणाऱ्यांना साथ देण्याचं, ट्रेनिंग झालंय, माझ्याकडे सर्टिफिकेटही आहे. आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात कार्यक्रम करू आणि त्याने बाबासाहेबांवर आणि स्वतःच्या संघर्षावर बोलावं, असं मी टीम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सुचवलं. तो "बघतो" म्हणाला आणि बरोबर त्या दिवशी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलेलं नाही, म्हणून ती अजून मी मंजूर केलेली नाही, आधी बोलून घेऊ म्हटलं. पण तो बोलतच नाही. कामापुरतं हो-नाही. टीममधल्या दोन मुलींचं तसं सगळं ठीक आहे, प्रश्न याचाच आहे. आता ॲप्रेझल तोंडावर आलंय. बिचाऱ्याचं नुकसान होऊ नये असं मनापासून वाटतं. मी त्याच्याच बाजूचा आहे ना? मग माझं चुकलं कुठे?

एक टीम लीड, ठाणे

नमस्कार,

"मी हसलो नाही, पण बोललोही नाही" हे वाक्य तुम्ही पत्रात ठेवलंत. दुसऱ्या कुणी गाळलं असतं. तेवढ्यावरून मी धरून चालते की तुम्हाला गोड उत्तर नकोय.

आधी एका शब्दाचं बोलू. एवढ्याशा पत्रात तुम्ही त्याला तीनदा 'बिचारा' म्हटलंय. रात्रभर जागून, दुसऱ्याने केलेली चूक ज्याने पहाटे शोधून काढली, तो बिचारा कसा? हेच काम त्या आर्किटेक्टने केलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, "पठ्ठ्याने पहाटेपर्यंत बसून शोधून काढली." नुसता शब्द बदलून बघा, म्हणजे तुमच्या डोक्यात तो कुठे बसलाय ते तुमचं तुम्हालाच दिसेल. ज्याची कीव येते त्याला आपण सांभाळून घेतो. बढती आपण पठ्ठ्यालाच देतो.

आता टपरी. अपमान झाला चारचौघांत, भर दुपारी, चहाचे ग्लास हातात असताना. माफी मागितली गेली रात्री, फोनवर, दोघांत. हा हिशोब जुळत नाही, आणि त्या अंगठ्याचा अर्थ तेवढाच आहे. त्या दिवशी जे सात-आठ जण हसले त्यांच्या लेखी तुम्ही आजही हसणाऱ्यांतलेच आहात, कारण तुमचा मेसेज त्यांनी वाचलेला नाही. तुमच्या ट्रेनिंगमधल्या त्या 'अलाय'ला मराठीत आपण बाजू घेणारा म्हणतो. आणि बाजू घ्यायची तर ती वाद चालू असतानाच घ्यावी लागते. सगळं पार पडल्यावर घरी जाऊन जे करतात त्याला आपल्याकडे समजूत काढणं म्हणतात. तुम्ही समजूत काढलीत. ती त्याने मागितलीही नव्हती.

"प्रेमाने नक्कल करतात" यातलं प्रेम कुणी मोजलं? मी जन्माने नौपाड्यातली, माझ्या मराठीची कुणी कधी प्रेमाने नक्कल केली नाही, कारण ती 'साधी मराठी' धरली जाते. "मी आता निघतो" म्हटलं तर कुणाला हसू येत नाही, "मी आता निघायलोय" म्हटलं की येतं. पहिला महिनाभर माणूस हसतो, दुसऱ्या महिन्यात तोलून बोलतो, सहाव्या महिन्यापर्यंत गरजेपुरतं बोलतो, आणि मग टीम लीड पत्रात लिहितो की तो अबोल आहे. तो अबोल आहे की तुमच्याकडे येऊन अबोल झाला? ऑफिसच्या गेटबाहेर तो आईशी फोनवर बोलत असेल तेव्हा जाता जाता कानावर पडेल. मुद्दाम ऐकायला मात्र थांबू नका.

आणि तो विनोद. त्यातला सल बाजूला ठेवला तरी माहितीसुद्धा चुकीची आहे. खासगी कंपनीत आरक्षण नाही. तुमच्याकडे तो त्याच टेस्टमधून, त्याच मुलाखतींच्या फेऱ्यांतून आलाय, ज्यातून तो आर्किटेक्ट आला. आरक्षणाने त्याला फार तर कॉलेजचं दार उघडून दिलं असेल. आतल्या चार वर्षांचे पेपर सगळ्यांना तेच, पास व्हायचे मार्कही तेच. उलट मला विचाराल तर तुमच्या ऑफिसात एक कोटा नक्की आहे आणि त्याला रेफरल म्हणतात. तेरापैकी किती जण कुणाच्या तरी ओळखीने आले, मोजून बघा. आपल्या कॉलेजचा, आपल्या सोसायटीतला, मावसभावाचा मित्र. त्यावर बोनससुद्धा मिळतो. त्यांची वॉरंटी कुणी विचारत नाही.

मी हे एवढ्या ठामपणे लिहितेय ते काही मी पहिल्यापासून शहाणी होते म्हणून नाही. एकतीस वर्षं मी पर्सोनेलमध्ये, म्हणजे आताच्या एचआरमध्ये, काढली, त्यातली पहिली काही वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. नव्वदच्या दशकात नोकरीचे अर्ज पाकिटातून यायचे. आमचे साहेब पाकीट फोडायचे, नाव वाचायचे आणि अर्जाच्या दोन चळती करायचे. उजवीकडची मुलाखतीला, डावीकडची 'नंतर बघू'ची. डावीकडे काय जातंय ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, कारण पत्ते आणि आडनावं टाइप करायचं काम माझंच होतं. तिथे डिप्लोमाला पहिला वर्ग असलेले अर्ज असायचे, आयटीआयचे उत्तम शेरे असलेले असायचे. त्या 'नंतर'च्या चळतीला रबर बँड लावून ती लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवायचंही काम माझं. 'नंतर' कधी आलं नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत तो गठ्ठा रद्दीत जायचा आणि रबर बँड तेवढे मी काढून घ्यायची, पुन्हा वापरायला.

पुढे २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास आला तेव्हा मला ते कपाटच आठवलं. त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना मिळून ४८०८ अर्ज धाडले होते. शिक्षण, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखतीलाही कुणी पोचलं नव्हतं तेव्हाची ही गत, नुसत्या पाकिटावरची.

आमच्या त्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बुटके, पान खाणारे, समाजसुधारक वगैरे मुळीच नाहीत. मी रजेवर होते त्या आठवड्यात साहेबांसमोर ते बसले. साहेबांनी एक अर्ज डावीकडे टाकला. अण्णांनी पेन उघडलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "साहेब, कारण लिहून घेऊ का? शिक्षण कमी लिहू की अनुभव?" साहेब थबकले. अर्ज उचलून पुन्हा वाचला आणि उजवीकडे ठेवला. त्या आठवड्यात असं सहा वेळा झालं म्हणे. साहेबांना अण्णांनी काही सुनावलं नाही, कुणाचं मन बदलायला ते गेले नाहीत. ते फक्त म्हणाले, शेरा लागेल. रजेवरून आल्यावर मला हे शिपायाने सांगितलं. मी चार वर्षं त्याच खुर्चीत बसले होते आणि मला हा प्रश्न सुचला नव्हता. सुचला नव्हता म्हणणंही खोटं आहे. विचारायची भीती वाटली होती.

तुमच्या हातात जे आहे ते हेच आहे, आणि त्याची वेळही जवळ आलीय. ॲप्रेझलच्या आधी ती बैठक होते ना, सगळे लीड आणि मॅनेजर एका खोलीत, पडद्यावर एक्सेल, एकेका नावाला अर्धा मिनिट? तिथे तुमचा सहकारी नसतो. तिथे त्याच्या नावापुढे कुणीतरी म्हणेल, "काम चांगलं आहे, पण कम्युनिकेशन वीक आहे." किंवा "व्हिजिबिलिटी नाही." किंवा तो सगळ्यांत लबाड शब्द, "कल्चर फिट". आमच्या काळी याच जागी "भारदस्तपणा नाही" असं लिहायचे. त्या क्षणी माना डोलतात आणि रेटिंगचा आकडा तीनवर बसतो. तुम्ही अण्णांचं पेन उघडा. "कुठल्या कॉलवर अडलं? क्लायंटला काय समजलं नाही? शेऱ्यात उदाहरण लिहू का?" आवाज चढवायचा नाही, जात काढायची नाही, कुणाला दोषी ठरवायचं नाही. उदाहरण असेल तर ते लिहिलं जाऊ द्या, मग सुधारायचं काय ते त्यालाही कळेल. नसेल तर शेरा आपोआप गळतो. आणि हा प्रश्न फक्त त्याच्या नावाला विचारलात तर पुन्हा तो 'तुमचा माणूस' होईल. तेराच्या तेरा नावांना विचारा. ज्याला "लीडरशिप मटेरियल" म्हणतील त्याच्याही नावाला विचारा, कारण तिथेही बहुतेक वेळा उदाहरण नसतं.

त्या खोलीत रिकाम्या हाताने जाऊ नका. मला एक सांगा, फेब्रुवारीतल्या घोळाचा अहवाल वर गेला तो कुणाच्या नावाने? माझा अंदाज आहे की त्यात लिहिलंय, "टीमने रात्रभर काम करून त्रुटी शोधली." 'टीमने' हा फार सोयीचा शब्द आहे, त्यात नाव साखरेसारखं विरघळतं. एरवी मला तो शब्द आवडतो, पण ज्याच्याबद्दल कोट्याचे विनोद चालतात त्याच्यासाठी तो घात करतो. अहवाल शोधून काढा. तारीख, वेळ, चूक कुठे होती, किती वाजता सापडली, कुणाला सापडली, हे चार ओळींत लिहून मॅनेजरला मेल करा, आणि त्या मेलमध्ये तो आर्किटेक्टही असू द्या. मनधरणीचं एक अक्षर नको. नुसती नोंद.

आणि खरंच क्लायंटशी बोलण्यात तो कमी पडत असेल तर? पडत असेलही. मग दयेपोटी आकडा वाढवू नका, त्याचा अपमान दोनदा होईल. दीड वर्षात त्याला किती डेमो दिलेत ते आठवा. ज्याला कधी कॉलवर बोलूच दिलं नाही त्याचं कम्युनिकेशन कुणी तपासलं? पुढचा छोटा डेमो त्याला द्या, आदल्या दिवशी अर्धा तास बसून तालीम करा, जशी तुम्ही इतरांची करता. आणि कॉलवर तो एका शब्दाला अडला तर लगेच त्याच्या तोंडातलं वाक्य काढून घेऊ नका. चार सेकंद थांबायला काय जातं?

जयंतीचं. तुम्हाला हे सगळ्यांत भरीव वाटलं आणि त्याला सगळ्यांत जड गेलं असणार. बघा, एरवी तो तेरांतला एक इंजिनिअर आहे. तुम्ही भर मीटिंगमध्ये त्याला उठवून म्हणालात, तू आता तुझ्या जातीच्या वतीने बोल, आणि बोलताना स्वतःच्या घरातलं दुःखही सांग. टपरीवर आडनाव, गाव, कॅटेगरी अशा तीन पायऱ्यांनी जे काढून घेतलं तेच तुम्ही हार घालून मागितलंत. कुणा देशपांड्यांना परशुराम जयंतीला उभं करून "तुमच्या घराण्याबद्दल सांगा" असं ऑफिसात कधी कुणी म्हटलंय?

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस. तिथले शिपाई विटाळ होऊ नये म्हणून त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही, राहायला घर मिळालं नाही. हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. मला या गोष्टीत शिपायांपेक्षा त्या कचेरीतल्या बाकीच्या कारकुनांबद्दल कुतूहल वाटतं. फाईल टेबलावर आपटली तेव्हा ते काय करत असतील? मान खाली घालून लिहीत असतील, माझ्यासारखे. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला म्हणालेही असतील, "चांगला माणूस आहे, वाईट वाटतं."

जयंती साजरी करायची इच्छा खरी असेल तर ऐरोलीतच सेक्टर १५ मध्ये डॉ. आंबेडकर स्मारक आहे, तिथे ग्रंथालय आहे. तुमच्या ऑफिसपासून रिक्षाने फार तर दहा-पंधरा मिनिटं. एखाद्या शनिवारी एकटे जा. तिथला फोटो स्टेटसला टाकू नका, सोमवारी त्याला सांगूही नका.

इथे मला माझाच एक मेल आठवतो. पुढे मी महापेच्या एका कंपनीत होते. पँट्रीत दोन मायक्रोवेव्ह होते, त्यातल्या एकावर 'फक्त शाकाहारी'ची चिठ्ठी, आणि दुसरा कायम नादुरुस्त. वासाबद्दल तक्रार आली. मी सगळ्यांना एक अतिशय सभ्य मेल पाठवला, तीव्र वासाचे पदार्थ कृपया टाळावेत. कुणाचं नाव नाही, सगळ्यांना सारखा. दोन आठवड्यांनी मी जिन्याने उतरत होते तर आग लागल्यावर वापरायच्या त्या जिन्यात, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे, आमच्या अकाउंट्समधली एक मुलगी पायरीवर बसून जेवत होती. स्टीलचा डबा, तांदळाची भाकरी आणि सुकट. घणसोली गावातली, आगरी. मी म्हटलं, "अगं, इथे का बसलीस?" ती म्हणाली, "मॅडम, मेल तुमचाच होता ना?" रागाने नाही म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातली ही औद्योगिक वसाहत कुणाच्या भातशेतांवर आणि मिठागरांवर उभी राहिली, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आल्यावर ९५ गावांच्या जमिनी कशा गेल्या, साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळवण्यासाठी लोकांना किती झगडावं लागलं, हे मला ठाऊक होतं. तरी त्या गावातल्या मुलीला जेवायला मी जिन्यात पाठवलं होतं. मी चिठ्ठी काढून टाकली आणि दुसरा मायक्रोवेव्ह दुरुस्त करून घेतला. काही जणांनी महिनाभर गार डबे खाल्ले, मग विसरले. ती मुलगी मात्र मी असेपर्यंत जिन्यातच जेवली. म्हणाली, सवय झाली आता, वाराही बरा येतो. मी तिला दोनदा आत बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं नाही, ते बरं केलं असं आता वाटतं. चिठ्ठी काढणं माझं काम होतं. ती परत कधी येईल, आणि येईल की नाही, हे ठरवणं तिचं.

तुमच्या सहकाऱ्याचंही असंच होऊ शकतं. तुम्ही सगळं नीट केलंत तरी तो मोकळा होईलच असं नाही. तुमच्याशी दोस्ती करणं हे त्याच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नाही.

मुलींबद्दल एकच ओळ लिहिलीत, म्हणून मीही थोडंच लिहिते. "तसं सगळं ठीक आहे" हे त्या म्हणाल्या की तुम्हाला तसं वाटलं? मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं, केक कोण आणतं, नवीन माणसाला पँट्री कुठे आहे ते दाखवायला कोण उठतं, एवढं आठवडाभर बघा. आणि रात्री साडेनऊनंतर थांबवत असाल तर त्यांची संमती आणि घरपोच गाडी हा उपकार नाही, २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातली अट आहे.

कायद्याचा विषय निघालाच तर तेवढं माहीत असू द्या. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांदेखत, हिणवायच्या हेतूने मुद्दाम अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. टपरीवरचा तो विनोद त्यात बसतो की नाही हे वकील सांगेल, मी नाही. कंपनीची जी अंतर्गत समिती असते ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते, जातीवरच्या बोलण्याची तक्रार तिथे चालत नाही. त्यासाठी तुमच्या कंपनीच्या आचारसंहितेत काय लिहिलंय, तक्रार कुणाकडे करायची, हे शोधून ठेवा. तक्रार करायची की नाही हे मात्र त्याने ठरवायचं. त्याच्या डोक्यावरून तुम्ही करू नका, आणि त्याला करायची असेल तर "कशाला वाढवतोस, ॲप्रेझल आहे" असंही म्हणू नका. साक्षीदार लागला तर तुम्ही तिथे होतात. हे त्याला एकदा, एका वाक्यात सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या त्या लांबलचक मेसेजला थोडा अर्थ येईल.

राहिला आर्किटेक्ट. खरं तर मला वाटतं तुमचं पत्र त्याच्याबद्दलच आहे, पण त्याला तुम्ही एकच ओळ दिलीत. त्याच्याशी बोलायला तुम्हाला भीती वाटते का? वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, सीनियर आहे, मॅनेजरसोबत ऊठबस असेल, तुमचंही रेटिंग त्याच्या एका शब्दाने हलत असेल. पण आत्तापर्यंत तुम्ही जे जे केलंत त्यातलं काहीही तुम्हाला महागात पडणारं नव्हतं. मेसेज फुकट, सर्टिफिकेट फुकट, कार्यक्रमाचं तर कौतुकच झालं असतं. हे पहिलं काम असं आहे की ज्यात तुमच्या पदरचं काही जाऊ शकतं.

त्याला गाठा. टपरीवर नको, तिथे त्याला प्रेक्षक मिळतील. जेवण झाल्यावर दोघेच एक फेरी मारा आणि म्हणा, "त्या दिवशी कोट्यावरून बोललास तेव्हा मी गप्प बसलो, ते माझं चुकलं. माझ्या टीमच्या पोराबद्दल असं पुन्हा बोलायचं नाही." तो म्हणेल, "मस्करी होती रे." तुम्ही म्हणा, "मला नाही कळली. समजावून सांग, त्यात हसण्यासारखं काय होतं?" आणि गप्प राहा. विनोद समजावून सांगायची वेळ आलेला माणूस मी पुष्कळदा पाहिलाय, फार केविलवाणा दिसतो. आणि पुढच्या वेळी टपरीवर असं काही निघालं, कुणाहीबद्दल, तर तिथल्या तिथे, ग्लास खाली ठेवून, तेच वाक्य सगळ्यांदेखत. "मला नाही कळला. सांग ना." लांबलचक भाषणाची गरज नाही. हे त्या मुलाला सांगायला जाऊ नका. ऑफिसात अशा गोष्टी ट्रान्सहार्बरच्या गाडीपेक्षा लवकर पोचतात.

एक राहिलंच. ती रजा. महिनाअखेरीपर्यंत मंजूर झाली नाही तर त्याचा एक दिवसाचा पगार कापला जाईल, हे तुमच्या लक्षात आलंय का? पत्र वाचून झालं की फोन बाजूला ठेवा, सिस्टिम उघडा आणि ती मंजूर करा. कारणाचा रकाना रिकामा आहे ना? तसाच राहू द्या.

तुमची,
ताई